हवेतील अमोनियासाठी क्वांटम कॅस्केड लेझर: रुंद पल्ल्याचा घ्यावा की अरुंद?

प्रश्न (शोधछात्रा, नागपूर)
नमस्कार. नाग नदीच्या काठावरील हवेतील अमोनियाचे मापन हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्या विभागातील एफटीआयआर या नेहमीच्या अवरक्त वर्णपटमापकावर अब्जांश पातळीची मात्रा खात्रीने मोजता येत नाही, म्हणून मध्य-अवरक्त क्वांटम कॅस्केड लेझर घ्यायचे ठरते आहे. ग्रेटिंग फिरवून शंभराहून अधिक प्रति सेंटिमीटर (तरंगसंख्येचे एकक) सरकवता येणारा बाह्य पोकळीचा लेझर घ्यावा, की जेमतेम काही प्रति सेंटिमीटर सरकणारा डीएफबी (चिपमध्येच कोरलेल्या ग्रेटिंगने एकच तरंगलांबी निवडणारा लेझर)? निधी एकदाच मिळणार असल्याने रुंद पल्ल्याकडे आमचा कल आहे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र)
आपल्या कामाला डीएफबीच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत फाइस्ट, कपासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लेझर प्रथम चालवून दाखवला. त्याची तरंगलांबी अर्धवाहकाच्या ऊर्जादरीवर नव्हे, तर काही नॅनोमीटर जाडीच्या थरांच्या रचनेवर ठरते; इलेक्ट्रॉन एका टप्प्यावर फोटॉन देऊन पुढच्या टप्प्यात उतरतो आणि तेथे पुन्हा फोटॉन देतो. त्यामुळे हव्या त्या शोषणरेषेजवळचा, म्हणजे वायू ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो तिच्याजवळचा, लेझर मुद्दाम घडवून घेता येतो. अमोनियाची ठळक रेषा ९६७ प्रति सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे १०.३ मायक्रोमीटरजवळ आहे, आणि तेथे पाण्याच्या वाफेचा अडथळा बराच कमी असतो.

वातावरणीय दाबाला या रेषेची रुंदी साधारण ०.२ प्रति सेंटिमीटर असते. नमुना ठेवलेल्या कक्षातील दाब एक-दशांशावर आणला की रुंदीही जवळपास त्याच प्रमाणात घटते आणि शेजारच्या रेषा सुट्या दिसू लागतात. एवढ्या अरुंद रेषेवरून लेझरचा विद्युतप्रवाह बदलत सलग जाणे डीएफबीला सहज साधते. बाह्य पोकळीचा लेझर मात्र जुळणी जराशी ढळली तरी एका मोडवरून (पोकळीत टिकणाऱ्या ठरावीक तरंगसंख्येवरून) दुसऱ्यावर उडी मारतो, आणि ती उडी नेमकी रेषेवर पडली तर ते वाचन वाया जाते.

उत्तर २ (उपकरण अभियंता)
सरांशी मी सहमत आहे, पण अमोनियाच्या बाबतीत खरी अडचण लेझरच्या आधी, नमुना आणणाऱ्या नळीतच सुरू होते. हा वायू धातूच्या भिंतींना चिकटतो आणि नंतर सावकाश सुटतो, त्यामुळे नदीकाठच्या अमोनियातील सकाळची वाढ यंत्रावर उशिरा आणि पसरट दिसते. टेफ्लॉनची आखूड, किंचित गरम ठेवलेली नळी आणि हवेचा जलद प्रवाह आवश्यक आहे.

नागपूरच्या हवामानाचाही विचार करावा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लेझरला २० अंशांवर ठेवणाऱ्या पेल्टिअरची (विजेवर चालणाऱ्या शीतक पट्टीची) उष्णता बाहेर टाकणे जड जाते. जुलैत हवेचा दवबिंदू त्याच तापमानाच्या वर जातो आणि लेझरवर दव धरते, म्हणून त्याची पेटी बंदिस्त ठेवून तीत कोरडा नायट्रोजन सोडावा.

शोधछात्रा
आभारी आहे. मग रुंद पल्ल्याचा लेझर नेमका कोणी घ्यावा?

उत्तर १
द्रवातील प्रथिने किंवा मोठे सेंद्रिय रेणू मोजणाऱ्यांनी. त्यांचे शोषणपट्टे दहापट-शंभरपट रुंद असतात, म्हणून एखाद्या मोडउडीने फारसे बिघडत नाही. शिवाय १६५० प्रति सेंटिमीटरजवळ, जेथे पाणी स्वतःच जोरदार शोषते, तेथे या लेझरच्या शक्तीमुळे एफटीआयआरपेक्षा जाड थरातूनही प्रकाश पार जातो. आपण मागणी नोंदवण्यापूर्वी उत्पादकाकडून त्याच चिपचा तापमान आणि विद्युतप्रवाहानुसार तरंगसंख्येचा मोजलेला आलेख मागून घ्यावा. रेषा त्या आलेखाच्या टोकाला येत असेल तर ती चिप घेऊ नये.