आगोटीची बेगमी: बरणीत काय टिकलं, काय फसलं

मेतकूट, पुणे

मे अर्धा सरला, एक वळीव येऊनही गेला. काल माळ्यावरून चिनीमातीची बरणी काढली आणि मागच्या वर्षीची फजिती आठवली. यजमानांचा रक्तदाब वाढलेला निघाला म्हणून मी लोणच्याचं मीठ निम्म्याहून खाली आणलं होतं, किलोभर फोडींना जेमतेम साठ ग्रॅम. तेलातही हात आखडला. जुलैत बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा (फडकं) सोडला तर आत बुडबुडे, दारूसारखा आंबूस वास आणि वर हिरवट लव. सासूबाई म्हणाल्या, वरचा थर काढ, खालचं चांगलं असेल. पण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी खाली गेलेले असतात. सगळी बरणी खड्ड्यात ओतली. पाच किलो कैरी!

रायगडच्या मैत्रिणी पावसाळ्याआधीच्या या साठवणीला आगोट म्हणतात. तुमच्या आगोटीत काय टिकलं, काय फसलं, ते लिहा. फसलेलं आधी. आणि 'अंदाजाने घाला' असं कृपया कुणी लिहू नका.

आमसूल, राजापूर

मेतकूटताई, लोणच्यातलं मीठ कमी करू नका, पानातलं लोणचं कमी करा. मी किलोला पावणेदोनशे ग्रॅम घेते. फोडी पुसून तासभर पंख्याखाली, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार, आणि चार दिवसांनी बघायचं की फोडींच्या वर बोटभर तेल आहे ना. फोडी तेल पितात, तेव्हा पुन्हा घालावं लागतं. इथेच लोक चुकतात. बरणीला हिंगाची धुरी देते, ती मात्र आई द्यायची म्हणून.

खारातली कैरी आणि फणसाचे खारवलेले गरे यांना तेलाचा थेंब लागत नाही. तिथे सगळा कारभार खाऱ्या पाण्याचा. वर ताटली, ताटलीवर दगडाचा धुतलेला गुंडा. एक फोड जरी पाण्याबाहेर डोकावली तरी बुरशी तिथूनच सुरू होते.

माझी चूक कोकमाची. एका प्रशिक्षणात आंब्याचा रस टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरायला शिकवलं. उरलेली पूड मी हौसेने कोकमाच्या सरबतात घातली. लालभडक रंग दोन दिवसांत फिकुटला, कारण ही पूड रंग उडवते. कोकम, जांभूळ अशा रंगीत रसांना सोडियम बेंझोएट घालतात. मेटाबायसल्फाइटमधून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं. घरात भाचा दमेकरी. आता साखरच भरपूर घालते आणि बरणी उन्हात ठेवते.

थंडोबा, डेन्व्हर

मी नगरची, अमेरिकेत अकरावं वर्ष. परसात फरसबी उदंड झाली म्हणून काचेच्या बारा बरण्या भरल्या आणि मोठ्या पातेल्यात बुडवून तासभर उकळल्या. झाकणं 'टुक' आवाज करत घट्ट बसली. फोटो काढून आईला पाठवले. शेजारच्या आजींनी बघितलं आणि हात धरून सांगितलं, एकही उघडू नकोस.

मग नीट अभ्यास केला. बोट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही, खोलीचं तापमान: घट्ट झाकणाची फरसबीची बरणी म्हणजे त्यांना सोन्याची संधी. त्यात डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. विष तयार झालं तरी वास, रंग, चव बदलेलच असं नाही. सामू (पीएच) ४.६ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी असलेल्या सगळ्या गोष्टींना, म्हणजे भाज्या, डाळी, मका, मटण, दाबाखालीच शिजवावं लागतं. त्यासाठी प्रेशर कॅनर नावाचं जाडजूड भांडं असतं. इथल्या उंचीला मी १५ पौंड दाबाचं वजन लावते. पाइंटच्या (साधारण अर्धा लिटर) बरणीतल्या फरसबीला २० मिनिटं, क्वार्टला (साधारण एक लिटर) २५, आणि हा वेळ दाब चढल्यावर मोजायचा.

आपला शिट्टीचा कुकर चालेल का, हे मलाही सगळे विचारतात. नाही. तो चटकन तापतो, चटकन निवतो, आणि तपासून ठरवलेल्या वेळा मोठ्या भांड्याचा सावकाश चढ-उतार धरून आहेत. टोमॅटो काठावरचा, म्हणून पाइंटला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस घालते. ताज्या लिंबाची आंबटाई सारखी नसते. पिकल्या आंब्याचंही तेच, रस बाटलीत भरताना आंबटपणा गृहीत धरू नका. मी तर फ्रीझरमध्येच टाकते.

जॅम, मुरांबा करणाऱ्यांनी खुशाल उकळत्या पाण्यात बरण्या बुडवाव्यात.

लसूणकांडी, ठाणे

वाचून घाम फुटला. माझ्या ओट्यावर महिनाभर कच्च्या लसणाचं तेल असायचं! पाकळ्या तेलात बुडालेल्या, म्हणजे 'टिकणारच' हा हिशोब. लोणच्यात तेल चालतं कारण खाली मीठ आणि आंबट असतं, इथे नुसतीच हवा बंद. आता थोडंसं करते, फ्रिजमध्ये ठेवते, तीन-चार दिवसांत संपवते.

तूरडाळ, लातूर

आमच्याकडे बरण्यांपेक्षा कोठ्या. तूरडाळीला एरंडेल चोळतो, किलोला चमचाभर, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. एका वर्षी डाळ उन्हातून काढली आणि गरम गरमच पत्र्याच्या डब्यात भरून झाकण लावलं. आत वाफ धरली, महिन्यात गोळे झाले. तेव्हापासून रात्रभर चादरीवर पसरून निववतो, सकाळी भरतो.

एक कळकळीची गोष्ट. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. गावात एका घरी झोपायच्या खोलीतच पोती होती. वेळेवर बाहेर पडले म्हणून वाचले.

पेडणेकार

गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आलेला. मे अखेरीस मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं: सुकी मिरची, आमसुलं (आमची सोलं), सुकं मासळं, कांद्याच्या माळा. आई मिरच्या हातात घेऊन हलवायची. आतल्या बिया खुळखुळल्या तरच घ्यायची. मी एकदा रंग बघून घेतल्या. देठाजवळ ओल होती, ऑगस्टमध्ये पोतं उघडलं तर आत काळी बुरशी. अशी मिरची दळून खपवू नये, बुरशीचं विष दळून जात नाही.

सोडेवाली, अलिबाग

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना दर्यात मासेमारीला बंदी, म्हणून आमची आगोट मासळीची. बोंबील बांबूवर टांगून वाळवायचे, सोडे, सुकट, जवळा पसरून. बोंबील वाकवला तर कट्कन मोडला पाहिजे, लवला तर परत उन्हात. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी चार दिवस आभाळ राहिलं. मी घाईने अर्धे वाळलेले डब्यात भरले. श्रावणात घरचे मांसाहार टाळतात, पण त्या डब्यातल्या किड्यांनी काही श्रावण पाळला नाही. आता डब्यात तळाला जाड कागद, वर झाकण घट्ट, आणि पावसाळ्यात लख्ख ऊन पडलं की तासभर पुन्हा पसरणं.

फ्रीझर आल्यापासून सून म्हणते, कशाला एवढं. मागच्या जुलैत दीड दिवस वीज गेली, तेव्हा तिच्या पापलेटांचं काय झालं ते तीच लिहील.

मेतकूट, पुणे

सोडेवाल्या काकी, सूनबाईंना इथे आणाच!

आज पाच किलो कैरी आली. फोडी पुसून पंख्याखाली पसरल्यात. मीठ काट्यावर तोललं, आठशे पंच्याहत्तर ग्रॅम. यजमान काट्यावरचा आकडा बघून म्हणाले, "अगं, एवढं?" मी म्हटलं, तुम्हाला दिवसाला एक फोड, ती पण लहान. तेल आत्ता गार होतंय.