दुधाची दाढ: रूट कॅनाल की काढून टाकायची? मदत हवी आहे

मुलगी साडेपाच वर्षांची. खालची डावीकडची, दुधाची दुसरी (सर्वांत मागची) दाढ किडली आहे. सहा महिन्यांपूर्वी फिलिंग केलं होतं, ते निघून आलं. आता खाताना घास उजवीकडेच ढकलते आणि गेल्या आठवड्यात दोनदा रात्री गालावर हात दाबून रडत उठली. एक्स-रेमध्ये कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली दिसते. सूज, ताप, पू नाही. वजनानुसार पॅरासिटामॉल दिलं की रात्र निभते, पण ते काही उत्तर नव्हे.

एक डॉक्टर म्हणतात, रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप घाला. दुसरे म्हणतात, काढा आणि स्पेस मेंटेनर (काढलेल्या दाढेची जागा राखून ठेवणारं उपकरण) बसवा. 'दुधाचीच आहे, पडणारच आहे' हे घरात ऐकून झालंय, कृपया इथे नको. ही दाढ १०-१२ व्या वर्षापर्यंत लागते, आणि मागची कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येताना रिकाम्या जागेत पुढे सरकू शकते, एवढं कळलंय.

अडचण अशी की ड्रिलचा आवाज आला की ती ओठ घट्ट मिटते. पूर्ण भूल शक्यतो नको आहे. दुसरा कुठला आजार किंवा ॲलर्जी नाही.

मागची कायमची दाढ यायच्या आधीच ज्यांच्या मुलांची ही दाढ काढली, त्यांचा स्पेस मेंटेनर नीट टिकला का? आणि ज्यांनी रूट कॅनाल केलं, त्यांचं मूल खुर्चीत बसलं कसं, किती बैठका लागल्या?