इंग्लंड: वृद्ध काका-काकूंच्या घरासाठी मोफत हीटिंगची सरकारी योजना. सही करावी का?

लेस्टरचा पुतण्या

माझे काका-काकू लेस्टरमधील एका शंभर वर्षे जुन्या टेरेस घरात (एका ओळीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एका घरात) राहतात. घर स्वतःचे आहे आणि कर्जही फिटले आहे. मात्र उत्पन्न म्हणजे दोघांची सरकारी पेन्शन आणि काकांची होजिअरी कारखान्यातील जुन्या नोकरीची किरकोळ पेन्शन, एवढेच. भिंती एकसंध विटांच्या असून त्यांत पोकळी नाही. गॅसचा बॉयलर जुना झाला आहे, आणि बिलाच्या धास्तीने हिवाळाभर दोघेही एकाच खोलीत बसून काढतात.

अलीकडे एका कंपनीचा माणूस दारात येऊन सांगून गेला की, बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारे यंत्र) बसवू, भिंतींना बाहेरून इन्सुलेशन (उष्णता रोखणारा थर) लावू, एक पैसाही पडणार नाही, मात्र योजना बंद होत आली असल्याने सही लगेच हवी. काकांचे मत ‘फुकट ते पौष्टिक’ असे आहे. काकू मात्र ठाम नकार देत आहेत, कारण समोरच्या घराला असेच काम झाल्यानंतर तेथील झोपण्याच्या खोलीत बुरशी आली आहे. यात खरे किती आणि विक्रीचे बोलणे किती, हे कोणी समजावून सांगेल का?

विटामाती

योजना खरी आहे. तो माणूस बहुधा ‘एको-४’विषयी बोलत असावा. ही योजना २०२२ साली सुरू झाली. तिचा पैसा थेट सरकारी तिजोरीतून येत नाही; वीज व गॅस पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर सरकारने हे बंधन घातले आहे आणि त्या हा खर्च सर्वच ग्राहकांच्या बिलांतून वसूल करत आल्या आहेत. म्हणजे काका इतकी वर्षे त्यात आपला वाटा भरतच आले आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही योजना पुढे न चालवण्याचे जाहीर झाले, त्यामुळे ‘बंद होत आली’ हेही खोटे नाही. त्या घाईचा फायदा कोणाला होतो, तेवढे पाहावे.

काकूंची भीती मात्र अगदी रास्त आहे. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा अहवाल दिला की, ‘एको-४’सारख्या योजनांतून बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी सुमारे ९८ टक्के घरांतील कामात दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत. आतून केलेल्या कामात हेच प्रमाण २९ टक्के होते.

चूक नेमकी कुठे होते, ते समोरच्या घराजवळ उभे राहिल्यास दिसेल. भिंतीवर जाड थर चढला की खिडकीखालची कड आत बुडते; ती पुढे वाढवून घेतली नाही तर पावसाचे पाणी थेट थराच्या मागे उतरते. पन्हाळीचा नळ नव्या थरापासून पुरेसा दूर घेतलेला नसतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या जाळीच्या विटा कोणीतरी बिनदिक्कत झाकून टाकतो. मग स्वयंपाकाची व अंघोळीची वाफ बाहेर पडत नाही, ओल धरते, आणि दोष मात्र ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही’ म्हणून राहणाऱ्यांच्या माथी मारला जातो. म्हणून न्हाणीघरात व स्वयंपाकघरात हवा ओढणारे पंखे बसवण्याचे ज्या आराखड्यात लिहिलेले नाही, त्यावर सही करू नये.

आकडेमोडे

मी फक्त चालू खर्चाविषयी लिहितो, कारण यंत्र फुकट मिळाले तरी बिल फुकट मिळत नाही. २०२५ च्या अखेरीस गॅसचा दर युनिटला सुमारे ६ पेन्स आणि विजेचा सुमारे २६ पेन्स होता. जुना बॉयलर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर खोलीत पोहोचणारी एक युनिट उष्णता साधारण साडेसात पेन्सला पडते. हीट पंप एका युनिट विजेतून तीन युनिट उष्णता देत असेल, तर तीच पावणेनऊ पेन्सला पडते, आणि साडेतीन युनिट देत असेल, तर दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. (गॅसचे कनेक्शन पूर्ण काढून टाकल्यास त्याचा रोजचा स्थिर आकार वाचतो, हे यात धरलेले नाही.)

तीन की साडेतीन, हे बऱ्याच अंशी रेडिएटरवर (गरम पाणी फिरवून खोली उबदार करणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर) ठरते. हीट पंपाचे पाणी ४५ ते ५० अंशांवर फिरले तर तो किफायतशीर चालतो. त्यासाठी बहुतेक जुन्या घरांत रेडिएटर मोठे लागतात. कंपनीने प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशेब लेखी दिला आहे का, हे विचारावे. शिवाय हे यंत्र मंद आचेवर दिवसभर चालू ठेवायचे असते. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर लावायची सवय असलेल्या काकांना ती उधळपट्टी वाटेल आणि ते बंद करतील, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

विटामाती

एक पर्याय राहिला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून कौन्सिलमार्फत (म्हणजे स्थानिक नगरपालिकेमार्फत) ‘वॉर्म होम्स: लोकल ग्रँट’ सुरू आहे. तिच्यासाठी घराचा ऊर्जा दाखला ‘डी’ ते ‘जी’ श्रेणीत (‘ए’ सर्वांत चांगली, ‘जी’ सर्वांत वाईट) असावा लागतो आणि सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्न ३६,००० पौंडांपर्यंत चालते. नवा गॅस बॉयलर तिच्यातून मिळत नाही. सुरुवात दारावरच्या माणसाऐवजी कौन्सिलपासून करावी, असे मला वाटते. निदान तक्रार घेऊन जायला एक ठिकाण राहते.

काका-काकूंनी पेन्शन क्रेडिटसाठी (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी पूरक रकमेसाठी) अर्ज केला आहे का?

लेस्टरचा पुतण्या

दोघांचे आभार. सही थांबवली आहे. पेन्शन क्रेडिटचा अर्ज केलेला नाही. ‘स्वतःचे घर असताना सरकारपुढे हात कशाला पसरायचा’ असे काका म्हणतात.

आकडेमोडे

राहते घर त्यात मोजतच नाहीत, आणि १०,००० पौंडांपर्यंतची बचतही धरत नाहीत. २०२५-२६ साठी जोडप्याची मूळ मर्यादा आठवड्याला ३४६.६० पौंड होती. दोघांचे मिळून उत्पन्न चालू वर्षाच्या मर्यादेखाली असेल तर फरकाची रक्कम मिळते. ‘एको-४’सारख्या योजनांतील पात्रताही त्यातून सिद्ध होते. पात्रता आधीपासून असेल तर अर्ज केल्यावर मागील तीन महिन्यांपर्यंतची रक्कमही मिळू शकते, तेव्हा हा अर्ज हीटिंगच्या निर्णयासाठी थांबवू नये.