ईआरजीएममध्ये त्रिकोण घातले की मॉडेल कोसळतं

प्रश्न: झॅकरीच्या कराटे क्लबच्या मैत्रीच्या जाळ्यावर (३४ सभासद, ७८ दुवे) ईआरजीएम, म्हणजे जाळ्यात दुवे कसे जुळतात याचं संख्याशास्त्रीय मॉडेल, बसवतोय. नुसते दुवे घेतले तर ठीक. त्रिकोणांची (एकमेकांशी जोडलेल्या तिघांची) संख्या घातली की सिम्युलेशनमध्ये जाळं एकतर जवळजवळ रिकामं, नाहीतर गच्च भरलेलं. तीन रात्री गेल्या. माझा डेटाच चुकलाय का?

उत्तर: डेटा ठीक आहे. एक त्रिकोण जुळला की शेजारचे जुळणं सोपं होतं, आणि ते लोण थांबतच नाही. मार्कोव्ह आलेखांचं, म्हणजे असे त्रिकोण थेट मोजणाऱ्या मॉडेलांचं, हे जुनंच दुखणं. त्रिकोणांच्या संख्येऐवजी जीडब्ल्यूईएसपी (जोडलेल्या दोघांचे सामायिक मित्र मोजणारं पद) घ्या, त्यात प्रत्येक पुढच्या सामायिक मित्राचं वजन घटत जातं.

प्रश्नकर्ता: सिम्युलेशनची साखळी स्थिरावली! मनापासून आभार.

दुसरं उत्तर: थांबू नका. सभासद १ आणि ३४ यांचे अनुक्रमे १६ आणि १७ दुवे आहेत. सिम्युलेशनमध्ये असे खूप दुवे असलेले केंद्रबिंदू उमटतात का, ते आधी तपासा.