'ताझा सू' योजनांमधल्या कोलोन्का (रस्त्याकडेचे सार्वजनिक नळ) हिवाळ्यात का बंद पडतात?

पाणवठा यांचा प्रश्न; उत्तरं उभीनळी आणि गावगाडा यांची

किरगिझस्तानात २००० नंतर 'ताझा सू' म्हणजे स्वच्छ पाणी या नावाने गावोगाव योजना झाल्या. इसिक-कुल, नारिन, तलास जागतिक बँकेच्या पैशातून. चुई आणि दक्षिणेकडचे प्रांत आशियाई विकास बँकेच्या. अहवालांत एक ठरलेलं वाक्य असतं: 'देखभालीअभावी योजना बंद.' हे कुठल्याही योजनेला चिकटतं. आधी नेमकं काय मोडतं? नमुना म्हणून धरा: १,५०० वस्ती, एक बोअर, त्यात सोडलेला एत्सेवे ६-१०-८० पंप, २५ घनमीटरची रोझ्नोव्स्की टाकी (उंच उभी पोलादी टाकी), रस्त्याकडेला कोलोन्का.

उभीनळी

आधी हिशेब. या पंपाच्या नावातच सगळं आहे: ६ इंची बोअर, तासाला १० घनमीटर, ८० मीटर उचल. मोटर ४ किलोवॅट. माणशी ५० लिटर धरले तर दिवसाला ७५ घनमीटर, म्हणजे साडेसात तास पंप, ३० युनिट वीज. कागदावर छान बसतं. पण बागेला लावलेला एक होसपाइप सेकंदाला ०.३ लिटर घेतो, तासाला जवळपास १ घनमीटर. असे दहा पाइप लागले की पंपाचं सगळं पाणी संपलं, टाकी भरायचीच नाही. आरिकला (पाटाला) पाणी यायच्या आधी, वसंतात, नेमकं हेच होतं. म्हणजे योजना पिण्यासाठी आखली आणि गावाला हवं होतं बटाट्यालाही. आराखडा करताना आरिकची दुरुस्ती सोबत धरली नाही, चूक तिथली.

आता कोलोन्का. हँडल दाबलं की गोठणरेषेखालची (जमीन हिवाळ्यात जिथवर गोठते त्याच्या खालची) झडप उघडते. सोडलं की ती बंद होते आणि उभ्या नळीतलं पाणी खालच्या डब्यात उतरतं. पुढच्या वेळी हँडल दाबलं की एजेक्टर, म्हणजे वाहत्या पाण्याच्या झोताने शोषून घेणारा भाग, तेच पाणी ओढून वर काढतो. या एजेक्टरला साधारण १ बार दाब (सुमारे १० मीटर उंच पाण्याचा) लागतो. शेवटच्या गल्लीत तेवढा दाब नसला की डबा रिकामा होत नाही, पाणी नळीत चढून राहतं आणि रात्रीत गोठून नळी फुटते. त्यामुळे टोकाच्या कोलोन्का आधी जातात.

मग लोक काय करतात? हँडलवर दगड बांधतात, पाणी वाहतं राहिलं की गोठत नाही म्हणून. त्याने दाब आणखी पडतो आणि शेजारची कोलोन्का बसते. तोंडाला होस लावून ठेवला आणि त्याचं टोक डबक्यात असलं तर दाब पडल्यावर डबक्यातलं पाणी उलटं पाइपात येतं, ते वेगळंच. गोठलेली सोडवायची तर डब्यातलं पाणी उपसा, मग गरम पाणी ओता. ब्लोलँप मारला तर सील जळतं आणि खालचा बर्फ तसाच राहतो.

गावगाडा

टाकीबद्दल भर घालतो. रोझ्नोव्स्की टाकीला आवरण नसतं. पाणी सतत बदलत राहिलं तरच ती गोठत नाही. कोल्खोझच्या (सोव्हिएत सामूहिक शेतीच्या) काळात जनावरांचं पाणी धरून मोठ्या टाक्या उभ्या केल्या. मीटर बसले, वापर घटला, ५० घनमीटरच्या टाकीतलं पाणी दिवसातून एकदाही बदलेना आणि आत बर्फ धरायला लागला. उतरताना बर्फाचे तुकडे आतली शिडी आणि पाण्याची पातळी ओळखून पंप बंद-चालू करणारे इलेक्ट्रोड मोडतात. मग पंप थांबतच नाही, पाणी बाहेर सांडतं आणि टाकीला हत्तीच्या सोंडेएवढे बर्फाचे खांब लटकतात. मदतीत मीटर असतील तर टाकी लहान करण्याचाही विचार त्याच कागदावर व्हायला हवा.

पाणवठा

इलेक्ट्रोडऐवजी दाबावर पंप बंद-चालू केला तर? नुसता मॅनोमीटर (दाबमापक) बसवायचा?

उभीनळी

होय, दोन संपर्कांचा मॅनोमीटर पंपघरात, उबेत. टाकीचा तळ १५ मीटर उंच असेल तर खालचा संपर्क (पंप चालू) १.६, वरचा (पंप बंद) १.८ बार. इथे हमखास फसगत होते: पंपघर टाकीपासून लांब असलं तर पंप सुरू होताच पाइपातल्या घर्षणामुळे दाब वरच्या संपर्कापलीकडे उडी मारतो आणि पंप लगेच बंद पडतो. असं तासात वीसदा झालं की मोटर जळते. टाकीच्या बुंध्याशी वेगळा बारीक पाइप काढून त्यावरून दाब घ्या. तोही गोठणरेषेखालून न्यायचा, नाहीतर हिवाळ्यात आकडा एकाच जागी अडकून बसेल.

गावगाडा

पैशाचंही सांगायला हवं. योजना चालवायला गावाच्या पाणीवापर संस्था केल्या. आपल्याकडे २००३ पासून जागतिक बँकेच्याच पैशातून 'जलस्वराज्य' चाललं, त्यातली ग्राम पाणीपुरवठा समिती डोळ्यांपुढे आणा. पट्टी ठरवताना वीजबिल आणि चालकाचा पगार धरतात, पुढच्या पंपाचा पैसा धरत नाहीत. त्यामुळे पहिली मोटर जळली की संस्था अडते आणि आयिल ओक्मोतूकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, हात पसरते. दुरुस्तीला पैसे मिळत असतील तर नव्या कोलोन्का घ्यायच्या आधी एक सुटा पंप आणि झडपांच्या सीलचा साठा मागा. आणि जोडणीचं वीजमीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. बरखास्त झालेल्या संस्थेच्या नावावर ते राहिलं असेल तर जुनी थकबाकी कोण भरणार, यावरच पहिले दोन महिने जातील.