मदत हवी आहे: लग्नाआधी भाचीला 'डॉक्टरला दाखवून घ्या' म्हणतायत

एरवी मी वाचनमात्र असते. हा आयडी मुद्दाम नवा काढलाय, कारण जुन्यावर नात्यातले दोघंतिघं आहेत. संपादकांना विनंती, विषय चुकीच्या विभागात वाटला तर धागा हलवा, पण उडवू नका.

माझी भाची, वय २२, गाव खटाव तालुक्यात. पोलीस भरतीच्या तयारीसाठी दीड वर्षापासून आमच्याकडे कुर्ल्याला राहते. पहाटे मैदानावर ८०० मीटर आणि गोळाफेक, दुपारनंतर एका दुकानात बिलिंग काउंटर. वैशाखात सुपारी फुटली. मुलगा तिकडचाच, नोकरीला पुण्यात. लग्न तुळशीच्या लग्नानंतर काढायचं ठरलंय.

गेल्या रविवारी आक्काचा, म्हणजे तिच्या आईचा फोन आला. मुलाची आत्या घरी येऊन चहा पिता पिता म्हणाली, "पोरगी ममईला ऱ्हायलीय, पळापळी करती, उड्या मारती. एकदा डॉक्टरला दावून घ्या. आमचं काय न्हाई, पर लोकं बोलत्यात." ते 'आमचं काय न्हाई' मला फार झोंबलं. मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. आक्का रडायलाच लागली. "तुझ्याकडं ऱ्हाती म्हणूनच इचारत्यात ना," म्हणाली. म्हणजे गुन्हेगार मीच. दाजींना यातलं काही माहीत नाही, कळलं तर पोरीला दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसवतील.

दहा बाय पंधराच्या खोलीत फोनवरचं बोलणं कुणापासून लपतंय? रात्री दिवा मालवल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, धावल्यानं जातं का गं ते?" 'ते' म्हणजे काय, हे दोघींपैकी कुणीच उच्चारलं नाही. मी ४४ वर्षांची, दोन मुलांची आई, आणि खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मग तिने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा क्लिनिकची जाहिरात होती, दुरुस्तीचं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. तिने फोन करून भावही विचारला होता. चाळीस हजार. साठवलेले सत्तावीस हजार होते तिच्याकडे.

आणि खरी गोष्ट त्याच्याही पुढे निघाली. तिला आठ महिन्यांपासून खाज आहे, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं, लघवीला जळजळतं. एकदा एकटीच स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेली होती. केसपेपर लिहिणाऱ्या बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर, "मग आईला घेऊन ये." ती परत आली ती आलीच. तेव्हापासून पावडर लावते, गरम पाण्यात जंतुनाशक टाकून आतपर्यंत धुते. पावडरचा डबा मी रोज बघत होते, म्हटलं धावून घामोळं आलं असेल. आता डॉक्टरकडे चल म्हटलं तर नाही म्हणते. आतून तपासलं तर 'ते' तिथेच जाईल आणि मग कुणाला काय सांगणार, ही तिची भीती.

मला जाणकारांकडून हवंय ते एवढंच. अशी काही तपासणी असते का? तिच्या आजारासाठी तिला न घाबरवता कुठे नेऊ? आणि आक्काला, तिच्या भाषेत, काय सांगू?

रानमोगरा:
बापरे. आठ महिने! आधी पोरीला घेऊन ओपीडी गाठा, आत्याबाईंचं मागाहून बघू.

सरळसोट:
वाद कशाला घालायचा? ओळखीच्या डॉक्टरकडून एक सर्टिफिकेट आणा, तोंडावर फेका, विषय संपला. मुलाकडच्यांना काळजी असणारच, गावात राहायचंय त्यांना.

अडुळसा:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पश्चिम उपनगरात १९ वर्षं प्रॅक्टिस. इथून निदान करणार नाही, पण काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

कौमार्य सांगणारी तपासणी वैद्यकशास्त्रात नाही. कधीच नव्हती, होती ती समजूत. योनिपटलाला मराठीत 'पडदा' म्हणतात तिथूनच घोटाळा सुरू होतो. तो दारावर लावलेला पडदा नाही, दाराच्या कडेची झालर आहे. कुणाची रुंद, कुणाची जेमतेम, कुणाची इतकी लवचिक की बाळंतपणापर्यंत फारसा फरक दिसत नाही. पहिल्या रात्री रक्त न येणाऱ्या बायका पुष्कळ असतात. येतं तेव्हा बऱ्याचदा कारण कोरडेपणा, भीती आणि घाई. तुमच्या आक्कांना एकच विचारा: पडदा बंद असता तर पोरीची पाळी बाहेर आली कुठून? जन्मतः पूर्ण बंद असतो अशा मुली क्वचित सापडतात, त्यांची पाळी आत साठते, पोट दुखतं आणि ऑपरेशन करावं लागतं. खेड्यातल्या बाईला हे लगेच पटतं, माझा अनुभव आहे.

सरळसोट, असं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर खोटं लिहीत असतो, मग मजकूर काहीही असो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच ही चाचणी बंद करा असं सांगितलंय. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला आणि आपल्या आरोग्य विद्यापीठाने २०१९ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणं' काढून टाकली. आम्ही ती पाठ करून पास झालो होतो, हेही कबूल करते. दुरुस्तीचं ऑपरेशन म्हणजे भीती विकणं आहे, त्यात एक रुपया घालू नका.

आता आजार. वर्णनावरून बुरशीचा संसर्ग वाटतो, तो शरीरसंबंध न आलेल्या मुलींनाही होतो. त्यासाठी आतून तपासावं लागतंच असं नाही. बाहेरून बघता येतं, लागलं तर कापसाच्या काडीने नमुना घेता येतो, लघवी आणि साखर तपासता येते, सोनोग्राफी पोटावरून होते. जंतुनाशकाने आतून धुणं आज, आत्ता बंद. तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि बुरशीचं फावतं. आतले कपडे कुठे वाळवता?

खटावची मावशी (धागाकर्ती):
अडुळसा, तुम्ही शेवटचा प्रश्न विचारलात आणि मी उठून दोरी बघून आले. टॉवेलच्या आत, परकराखाली. चाळीत दिसू नयेत म्हणून. या पावसात ते वाळतच नाहीत, दमट तसेच घालते ती. मीही तसंच करत आले इतकी वर्षं.

अडुळसा:
तेच म्हणत होते. उन्हात टाका, नाहीतर इस्त्री फिरवा. दुकानात लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते का, तेही विचारा. आणि २२ वर्षांच्या मुलीला तपासायला आईची सही लागत नाही. ती सज्ञान आहे.

पाणकावळा:
पण डॉक्टर, 'लग्न झालंय का' हे तर सगळेच विचारतात ना?

अडुळसा:
विचारायचं असतं 'शरीरसंबंध आलेत का', कारण त्यावर पुढच्या तपासण्या ठरतात. उत्तर हो असेल तर गरोदरपणाची चाचणी, गुप्तरोगाच्या चाचण्या. माहिती हवीच. पण ती पडद्याआड, एकटीला आणि सरळ शब्दांत विचारायला हवी. केसपेपरच्या खिडकीवर नाही.

गिरगावकर१९:
विषयांतर होईल, तरी राहवत नाही. आमच्या गिरगावात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी गेली, पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, एका खटल्यात वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. शंभर वर्षं उलटून गेली, आणि खिडकीवर प्रश्न अजून 'लग्न झालंय का'.

सरळसोट:
पहिल्या रात्री चादरीवर रक्त पडलं का बघायची ती प्रथा कंजारभाट समाजात असते ना? बाकी महाराष्ट्रात कुठे आहे आता?

बाभूळकाटा:
सरळसोट, त्या समाजातल्याच तरुण पोरापोरींनी या चाचणीविरुद्ध उघड मोहीम काढली. २०१८ च्या जानेवारीत पिंपरीत मार खाल्ला, तरी हटले नाहीत. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गृहराज्यमंत्री रणजित पाटलांनी अशी चाचणी हा लैंगिक अत्याचार मानू असं जाहीर केलं, ते त्यांच्या रेट्यामुळे. आपल्याकडे चादर नाही, चहाच्या कपाआडून विचारतात. फरक तेवढाच.

धागाकर्तीसाठी: बलात्काराच्या खटल्यांत होणाऱ्या दोन बोटांच्या तपासणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला ताशेरे ओढले. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं म्हटलं. उद्या जातपंचायत वगैरे मध्ये पडून वाळीत टाकायची भाषा झाली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पण तुमच्या प्रकरणात कायदा पहिल्या झटक्याला काढू नका. आक्का घाबरेल.

एसटीची_खिडकी:
पुरुष आहे, ३१, मूळ गाव बीड जिल्ह्यात. लिहू की नको करत दोन दिवस गेले.

लग्नाआधी गोवंडीला आठ जण एका खोलीत राहायचो. पगार झाल्यावर मित्रांबरोबर दोनदा कामाठीपुऱ्याला गेलो. एकदा वापरलं, एकदा नाही. वर्षभराने लग्न ठरलं. मुलीची चौकशी गावभर, कॉलेजपर्यंत, तिच्या मैत्रिणीच्या आईपर्यंत. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. 'पोरगा मुंबईला असतो' हे माझ्या बाबतीत कौतुक होतं. तिच्या बाबतीत असतं तर स्थळ मोडलं असतं.

मला झोप येईना म्हणून १०९७ ला फोन केला. तो एड्स नियंत्रणवाल्यांचा फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवलं. रक्त घेण्याआधी समुपदेशक बाईंनी बसवून बोलायला लावलं, पैसे लागले नाहीत, रिपोर्ट फक्त माझ्या हातात दिला. एचआयव्ही नव्हता. सिफिलिस निघाला. मला एक फोड येऊन आपोआप गेला होता, दुखला नव्हता म्हणून विसरलो होतो. पेनिसिलिनची इंजेक्शनं घेतली, नंतर परत रक्त तपासलं, मगच अक्षता. बायकोला सांगितलं की नाही ते इथे लिहीत नाही.

मावशी, मुलीचं जे तपासता येत नाही ते तपासा म्हणतायत. मुलाचं जे तपासता येतं ते कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

रानमोगरा:
खिडकी, लिहिलंत ते बरं केलंत.

अडुळसा:
हाच धागा पकडून सुचवते. आत्याबाईंना 'नाही' म्हणू नका, 'दोघांना दाखवू' म्हणा. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, थॅलेसेमियाची वाहकता, रक्तगट. लग्नाआधी दोघांनी करायच्या खऱ्या तपासण्या या. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक, हे गावाकडे कुणीतरी समजावलंच पाहिजे. आणि एचपीव्हीची लस. या वयात तीन डोस लागतात. पुण्याची देशी लसही आता मिळते.

खटावची मावशी (धागाकर्ती):
तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. रांग दोन तास, पण आत डॉक्टर मुलगी तरुण होती. तिने आधी मला बाहेर काढलं. खोटं कशाला बोलू, राग आला, मी एवढी घेऊन आले आणि मलाच बाहेर. मग पडदा ओढला. पंधरा मिनिटांनी भाची बाहेर आली ती हसत. बुरशीच होती, शिवाय लघवीत जंतुसंसर्ग. आतून तपासलं नाही. साखर ठीक आहे. आठवड्यात खाज गेली. चड्ड्या आता गॅलरीच्या ग्रिलवर, उन्हात, सगळ्यांच्या पुढे. समोरच्या काकूंनी दोनदा मान वाकडी करून बघितलं.

आक्काला पाळीचं सांगितलं, अडुळसा म्हणाल्या तसंच. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आगं, मला बी पयल्या राती काय आलं न्हवतं. तुझ्या दाजींनी इचारलं न्हाई म्हणून वाचले." एकतीस वर्षं झाली तिच्या लग्नाला. मला आज कळलं.

तपासण्यांचं मुलाला भाचीनेच सांगितलं, माझं ऐकलं नाही तिने. आधी "मला कशाला?" म्हणाला. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी लॅबच्या पावतीचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. रिपोर्ट दोघांचे चांगले आहेत. आत्याबाई आमच्यावर रुसल्यात, मानपानाची यादी वाढणार असं दिसतंय. सुपारी मोडलेली नाही एवढं खरं.

अडुळसा, एक राहिलं. लसीचा पहिला डोस झाला. दुसरा दोन महिन्यांनी, पण तिसरा लग्नानंतर पडतोय. चालेल का?

अडुळसा:
चालेल. मध्ये दिवस राहिले तर तिसरा बाळंतपणानंतर घ्यायचा, पहिले दोन वाया जात नाहीत. तारखा तिच्याच मोबाईलमध्ये टाकून ठेवायला सांगा.