मदत हवी आहे: रात्रीची लाईट, केळीचं पाणी आणि डोक्यात न टिकणारं मानसशास्त्र

केळीवाला:
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला. एफवायला मानसशास्त्र घेतलंय, पेपर तीन आठवड्यांवर. घरची केळी आहे. आमच्या फीडरला (शेतीच्या वीजलाईनला) आठवड्यातले चार दिवस रात्रीची लाईट, साडेदहाला येते ती सकाळी साडेसहापर्यंत. आप्पांचे गुडघे गेलेत, म्हणून मळ्यात मीच झोपतो. ठिबक असलं तरी दर दोन तासांनी उठून व्हॉल्व्ह बदलावे लागतात. (ऑटो बसव म्हणू नका, ऑटो आहेच. मोटर आपोआप चालू होते, व्हॉल्व्ह कोण फिरवणार? वर सगळ्यांच्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) उडते ते वेगळंच.)

तर मधल्या वेळात खाटेवर पडून वाचतो. वाचताना सगळं कळतं, सकाळी पाटी कोरी. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाचा विस्मरण वक्र (शिकलेलं किती भराभर विसरतो त्याचा आलेख) वाचला आणि तोच विसरलो. मित्र म्हणाला, नोट्स रेकॉर्ड कर आणि कानात लावून झोप, आपोआप जातं डोक्यात. आठ दिवस झाले, काडीचा फरक नाही.

दुसरं जरा संकोचाने विचारतो. परवा पहाटे डोळे उघडले, वरचे पत्रे दिसताहेत, स्टार्टरची घूंघूं ऐकू येतेय, पण हातपाय हलेनात, ओरडताही येईना. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. मिनिटभर असेल, मला तासभर वाटलं. आजी म्हणते बांधावरच्या पिंपळावरचा मुंजा. नारळ देऊन झालाय. हे नेमकं काय असतं?

निशाचर:
मुंज्यालाच व्हॉल्व्ह फिरवायला सांग भो. गंमत सोड, रात्रपाळीला होतो तेव्हा माझंही दोनदा असंच झालं. उताणा झोपलो की व्हायचं. कुशीवर झोपायला लागल्यापासून नाही.

जुनी मास्तरीण:
मुंज्यापासून सुरू करते, म्हणजे रात्री भीती नको. अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये शिकागोत झोपेचा एक टप्पा दाखवून दिला, ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. तुमच्या पुस्तकात 'जलद नेत्र हालचाल' म्हणून आहे तोच. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात, आणि त्या वेळी मेंदू अंगातले स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खाटेवरून पडू. तुला जाग आली, पण स्नायूंवरचं कुलूप अजून निघालं नव्हतं. स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांत सांडला, म्हणून छातीवर कुणीतरी. झोपमोड आणि अवेळी झोप यांनी हे वाढतं. निशाचर म्हणतात ते उताणं झोपण्याचंही बरोबर आहे. वारंवार व्हायला लागलं, किंवा दिवसा बसल्या बसल्या अचानक झोप लागायला लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखव. आजीशी वाद घालू नकोस, नारळाने काही बिघडलेलं नाही.

कानातल्या नोट्स बंद कर. सायमन आणि एमन्स यांनी 1956 मध्ये मेंदूच्या लहरी मोजत झोपलेल्यांना माहिती ऐकवली. खरोखर झोपलेल्यांना सकाळी ती आठवली नाही. ज्यांना थोडं आठवतं ते तेव्हा अर्धवट जागे असतात. म्हणजे तू शिकत नाहीयेस, फक्त झोप घालवतोयस.

आता मुख्य दुखणं. 1924 मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी कॉर्नेलमध्ये दोनच विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा-दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, मग कधी झोपायचं, कधी जागं राहायचं. आठ तासांनी, झोप झाली असेल तर पाच-सहा शब्द आठवत, जागेपणी जेमतेम एक. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो आणि तुझा नेमका तोच भाग व्हॉल्व्ह खातोय. वाचतोस ते जिरायला वेळच मिळत नाही.

तापीकाठ:
आमच्याकडेही केळीच. रात्रीच्या लाईटचे चार दिवस असतील तेव्हा संध्याकाळी सातपर्यंत काय वाचायचं ते वाच आणि जेवून आठला आडवा हो. साडेदहापर्यंत अडीच तास सलग मिळतात. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं, म्हणजे एक पूर्ण होतं. मळ्यात पुस्तक नेऊच नको. रात्री चहाही बंद. घरात भाऊ असेल तर अर्धी अर्धी रात्र वाटून घेऊ नका, एक रात्र पूर्ण तू, एक पूर्ण तो. आणि सकाळी डुलक्या घेत मोटरसायकल चालवू नको, आमच्या गावात एक जण पाटचारीत गेलाय.

केळीवाला:
ताई, दादा, खूप आभार. चुलतभाऊ आहे, त्याला विचारतो. एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. पॅनल घूंघूं करतंय, फिल्टरमधून पाणी खळखळतंय, तेव्हा मी मेल्यासारखा झोपतो. पण मधेच लाईट गेली, सगळं शांत झालं की ताडकन उठतो. आवाजाने नाही, आवाज थांबल्याने! आप्पांचंही असंच. हे कसं?

जुनी मास्तरीण:
अरे, हा तर तुझ्या बोधावस्थेच्या प्रकरणाचा गाभा आहे. झोप म्हणजे दार बंद नव्हे, उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं असतं. 1960 मध्ये ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्यांना टेपवर नावांची यादी ऐकवली. स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या आलेखात उसळी जास्त. मेंदू आवाजाचा मोठेपणा पाहत नाही, कामाचं काय ते पाहतो. रोजची घूंघूं बिनकामाची, म्हणून सोडून दिली. शांतता म्हणजे पाणी बंद, उठ. हे तू शिकलास. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला मेट्रोनोमची (ठोके देणाऱ्या यंत्राची) टकटक ऐकली की खाणं येणार म्हणून लाळ सुटायची, तुला शांतता झाली की जाग येते. उद्दीपक कोणता, प्रतिक्रिया कोणती, कागदावर लिहून काढ. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून असं लिहिलेलं आठवड्यानंतरही जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग नेमका त्यावरच आहे.

केळीवाला:
पेपरात मोटरचं उदाहरण लिहिलं तर चालेल?

जुनी मास्तरीण:
लिही की. पण आधी व्याख्या, मग मोटर. तपासणारा आधी व्याख्या शोधतो.